"नाना आयुष्यभर काय करायचे?"

आदरणीय हवालदार काका,

सा. न. वि. वि.

तुम्ही निवृत्त झालात हे मला पंधरा दिवसांनी कळलं. पोलीस ठाण्यात शाल-श्रीफळ देऊन निरोप झाला म्हणे. कागदावर तुम्ही सहायक फौजदार झाला होतात, पण आमच्या घरात हवालदार काकाच. त्या निरोपाला आम्ही असायला हवं होतं. तेव्हा आता सगळ्यांसमक्ष लिहिते.

२०२२ च्या पावसाळ्यातली गोष्ट. माझ्या वडिलांना, नानांना, तोवर घरातली नावंही आठवेनाशी झाली होती. पण २०१९ चा पूर आठवायचा. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि त्या ऑगस्टात कृष्णा ५७ च्या वर गेली होती. तेव्हापासून सर आली की नानांचा एकच प्रश्न, "आयर्विनला किती फूट?" त्या संध्याकाळी पाऊस लागला आणि प्रश्न आला नाही. बघतो तर नाना घरात नाहीत.

आम्ही सगळे घाटाकडे धावलो. नदीशिवाय दुसरं काही सुचेचना. बेपत्ता माणसाची नोंद चोवीस तासांनीच घेतात असं ऐकून होतो, म्हणून ठाण्यात यायलाही उशीर केला. तुम्ही म्हणालात, "असा नियम कुठंच नाही. बसा ताई." मिसिंग दाखल केलीत, फोटो घेतलात, अंगावरचे कपडे लिहून घेतलेत. मग पेन खाली ठेवून विचारलंत, "नाना आयुष्यभर काय करायचे?"

हमाली. मार्केट यार्डात, हळदीची पोती. चौतीस वर्षं.

नाना तिथेच सापडले, एका बंद अडत दुकानाच्या पायरीवर, चिंब भिजलेले. माल भिजतोय म्हणून उठायला तयार नाहीत. मी हात धरून ओढायला लागले, तर तुम्ही मला थांबवलंत. आपला रेनकोट त्यांच्या खांद्यावर टाकून शेजारी बसलात. किती वेळ तरी हळदीच्या दरावर बोलत होतात. मग म्हणालात, "नाना, माल सगळा झाकून घेतलाय. चला आता." आणि नाना उठले.

तुमची ड्युटी त्याआधीच संपली होती, हे दुसऱ्या दिवशी समजलं. मिरजेच्या विसर्जन मिरवणुकीत रात्र उलटून दुसरा दिवस उजाडला तरी उभे असलेले पोलीस आपण दरवर्षी बघतो. अठ्ठावन्नाव्या वर्षी खाकी उतरली की तीच माणसं बाजारात शेजारून गेली तरी आपण ओळखत नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

त्या रात्री तुम्ही चहासुद्धा घेतला नाहीत, "पुन्हा येईन" म्हणालात. नाना गेल्या माघात गेले. आईनं यंदाची हळद दळून एक डबा तुमच्या नावानं बाजूला ठेवलाय. रविवारी सकाळी घेऊन येते, घरी असा.

तुमची,
नानांची धाकटी
गावभाग, सांगली