नोकरी घेतली आहे, बाबा

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

काल फोनवर बाबा एकदम गप्प झाले, म्हणून लिहायला बसले. कम्युनिटी कॉलेजात (इथलं दोन वर्षांचं सरकारी कॉलेज) इतिहास शिकवायची नोकरी मी स्वीकारली, सहीसुद्धा झाली. म्हणजे टेक्सासमधला मुक्काम वाढला आणि तुमच्याजवळ येणं लांबलं. त्याचं मला किती वाईट वाटतंय ते फोनवर बोलता आलं नाही. पण 'सक्तीचा विषय, नाइलाजाने बसलेली मुलं, त्यात तुझी पीएचडी वाया' हे तुमचं वाक्य डोक्यातून जात नाही.

इथे कायदाच आहे. सरकारी कॉलेजातून पदवी हवी तर अमेरिकन इतिहासाचे सहा क्रेडिट, म्हणजे साधारण दोन कोर्स, करावेच लागतात, शाखा कुठलीही असो. माझ्या वर्गात नर्सिंगची, अकाउंटिंगची, कॉम्प्युटरची मुलं असतात. यानंतर त्यातली बरीचशी इतिहासाच्या वाटेला जाणार नाहीत. विषय ऐच्छिक असता तर आधीपासून आवड असलेलेच आले असते, आणि ते कुठेही शिकतीलच. मला ही बाकीची मुलं हवी आहेत, बाबा.

परवा वर्गात इथल्या गॅल्व्हस्टन शहरात निघालेला हुकूम घेतला. लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ चा, आणि टेक्सासमध्ये तो लागू करणारा लष्करी हुकूम १९ जून १८६५ चा. त्या दिवसाची आता सुट्टी असते, त्यामुळे 'सर्व गुलाम मुक्त' एवढं सगळ्यांना ठाऊक. मी शेवटपर्यंत वाचायला लावलं. पुढे लिहिलंय, मुक्त झालेल्यांनी आहेत तिथेच शांतपणे राहून मजुरीवर काम करावं, रिकामं बसणाऱ्यांना पोसलं जाणार नाही. रात्रपाळी करून येणारी नर्सिंगची एक मुलगी मागच्या बाकावरून म्हणाली, "मग हा हुकूम सोयीचा कोणाला होता?" त्यानंतर तास संपेपर्यंत वर्ग भांडत होता. कागद कोणी लिहिला, कोणासाठी, शेवटच्या ओळींत काय दडवलंय, हे विचारायची सवय तिला विम्याचा फॉर्म भरताना आणि मत देतानाही उपयोगी पडेल. ती सवय लावायला माझी पीएचडी खर्ची पडली तर पडू दे.

आणि मला हे वेड लावलं कोणी? जोतिरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केली, हे तुमच्या पोटावर डोकं ठेवून मीच ऐकलंय ना? तेव्हा झोप लागेपर्यंत "पुढे काय झालं" विचारायचे. अजून तेच विचारते, फक्त पगार घेऊन.

आई, काळजी करू नकोस. घर कॉलेजपासून चालत जाण्याएवढं आहे, आरोग्य विमा आहे, स्वयंपाक मी रोज करते, बाहेरचं क्वचितच खाते. हिवाळाही इथे सौम्य असतो, स्वेटर पाठवू नकोस.

आता ऐका. बाबांनी बीपीची गोळी 'आज बरं वाटतंय' म्हणून सोडायची नाही. आईने गुडघा दुखत असताना कपडे वाळत घालायला गच्चीवर जायचं नाही, दोरी खाली बांधून घ्या. मोतीबिंदूची तारीख पुन्हा पुढे ढकललेली मला कळली तर मी थेट डॉक्टरांनाच फोन करीन. मागच्या वेळचं झालं ते झालं, त्याबद्दल काही म्हणत नाही.

मामांना अजून काही सांगू नका. रविवारी मीच बोलते त्यांच्याशी.

तुमची,
मनू