तांदळातले नाव आणि पासपोर्टवरचे नाव

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लग्नानंतर मुलीने आडनाव बदलावे की नाही, यावर आपल्या सदरात अधूनमधून पत्रे येतात. त्यात बाजू घेण्याइतका मी शहाणा नाही. पण आमच्या घरी हा प्रश्न थायलंडमार्गे आला आणि त्याने जी धावपळ करायला लावली, ती इतरांची वाचावी म्हणून हे पत्र.

माझा मुलगा नोकरीनिमित्त बँकॉकला होता. सूनबाई तिथलीच. लग्न सांगलीत, विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस लावून नोंदवले. मग हौसेने वैदिक पद्धतीनेही लावले. आमच्या सौ.नी ताटात तांदूळ पसरले, मुलाने अंगठीने नाव काढले, सगळ्यांना पेढे वाटले. त्या दिवसापासून घरात, सोसायटीत, पत्रिकांवर तेच नाव, पुढे मुलाचे नाव आणि आमचे आडनाव. तिच्या माहेरचे टोपणनाव ‘पाखरू’ अशा अर्थाचे आहे. ते मात्र फक्त मुलगाच वापरतो.

मी पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालो. पत्त्यावरचे नाव आणि ओळखपत्रावरचे नाव जुळले नाही म्हणून किती मनीऑर्डरी परत पाठवल्या असतील, गणती नाही. तरीही सूनबाईंचे माहेरी जायचे विमानाचे तिकीट मी तांदळातल्या नावाने काढले! विमानतळावरच्या मुलीने पासपोर्ट उलटसुलट पाहिला आणि नम्रपणे सांगितले, ‘या नावाच्या बाई मला दिसत नाहीत.’ नवे तिकीट घ्यावे लागले. दोष सर्वस्वी माझा.

तेव्हाच ठरले, की पासपोर्टची मुदत संपतच आली आहे, तर नूतनीकरणात आडनावही बदलून घेऊ. विवाह प्रमाणपत्र जोडले की झाले, असा माझा हिशेब. महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबई गाठली, थाई वकिलातीत चौकशी केली. तिथे अगत्याने जे समजावले, ते ऐकून माझा हिशेब पार कोलमडला.

एक तर थाई पासपोर्टचे नूतनीकरण नसतेच, दर वेळी नवाच पासपोर्ट मिळतो. आणि त्यावरचे नाव अर्जातून येत नाही, थायलंडच्या नागरी नोंदवहीतून येते. तिथे प्रत्येकाचा तेरा आकडी क्रमांक असतो आणि घराघराचे एक नोंदणीपुस्तक, साधारण आपल्या शिधापत्रिकेसारखे, पण वजन कितीतरी जास्त. त्यात जे नाव, तेच ओळखपत्रावर आणि तेच पासपोर्टवर. म्हणजे आधी आमच्या विवाह प्रमाणपत्राचे थाई भाषांतर, मग त्यावर साक्षांकनाचे शिक्के, मग तिच्या गावच्या ‘आम्फो’त, म्हणजे आपल्या तहसील कार्यालयात, परदेशी झालेल्या लग्नाची नोंद. त्यानंतर आडनाव बदलल्याचा दाखला, घराच्या पुस्तकात दुरुस्ती, नवे ओळखपत्र आणि सर्वांत शेवटी पासपोर्ट. काही कामे मुखत्यारपत्र देऊन भावाकडून होतात, पण पासपोर्टसाठी बोटांचे ठसे आणि फोटो द्यायला तिलाच बसावे लागते.

मी विचारले, तुमच्याकडे बायकोने नवऱ्याचे आडनाव लावायचा कायदाच आहे ना? सूनबाई हसल्या. होता म्हणे. १९६२च्या नावविषयक कायद्यात तसे कलम होते, पण २००३ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ते घटनाविरोधी ठरवले. २००५च्या दुरुस्तीपासून नवरा-बायकोने कुणाचे आडनाव लावायचे, की दोघांनी आपापलेच ठेवायचे, हे त्यांनीच ठरवायचे. २००८च्या आणखी एका कायद्याने विवाहितेला ‘नांग’ लावायचे की ‘नांगसाव’, म्हणजे आपले सौ. की कु., तेही तिच्यावर सोपवले. आमच्या सौ. यावर बराच वेळ गप्प होत्या. नंतर मुलाला म्हणाल्या, ‘मग तूच लाव की तिचं.’

आडनाव हा प्रकारच तिथे १९१३ पासूनचा. राजा वजिरावुध यांनी कायदा करून आडनावे सक्तीची केली आणि सहा हजारांहून अधिक कुटुंबांना स्वतः आडनावे बनवून दिली, बरीचशी संस्कृत-पालीतून. आडनावाला थाईत ‘नाम-सकुन’ म्हणतात. त्यात आपलेच नाम आणि कुल बसले आहे. दुसऱ्याचे आडनाव उचलता येत नाही, त्यामुळे एका आडनावाची माणसे बहुधा एकाच घराण्यातली. जोशी-पाटलांच्या गर्दीत राहणाऱ्या आपल्याला याची कल्पना येणार नाही. सूनबाईंना ते नाव का सोडवत नव्हते, हे मला त्या दिवशी कळले.

तिने माहेरचेच आडनाव ठेवले. माहेरी गेली तेव्हा तिथेच दहा वर्षांचा पासपोर्ट काढला, शुल्क १,५०० बाट. ही दहा वर्षांची सोय २०२१ पासून आहे. पाच वर्षांचा हवा तर १,००० बाट. इकडे ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी सुनेला भारतात दीर्घकाळ राहू देणारे कार्ड, पासपोर्टवरच्याच नावाने होते, म्हणून वाचलो. फक्त नव्या पासपोर्टची प्रत तीन महिन्यांच्या आत ऑनलाइन चढवायची, सोबत लग्न अजून टिकून असल्याचे प्रतिज्ञापनही.

अडकले ते नातीचे जन्म प्रमाणपत्र. रुग्णालयात अर्ज मीच भरला आणि आईच्या रकान्यात तांदळातले नाव सुवाच्य अक्षरात लिहिले. आता दुरुस्तीसाठी दोन्ही नावांची बाई एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र, विवाह प्रमाणपत्र, पासपोर्ट घेऊन खेटे चालू आहेत. विवाह प्रमाणपत्रावर तिचे मूळ नाव स्पष्ट असताना वेगळे प्रतिज्ञापत्र कशाला, याचे उत्तर अजून कुणी दिलेले नाही.

रुग्णालयांना एकच विनंती, जन्मनोंदणीचा अर्ज आजोबांच्या हाती देऊ नका. आईचे ओळखपत्र किंवा पासपोर्ट समोर ठेवून नाव उतरवून घ्या. आणि ज्यांच्या घरी परदेशी सून येणार आहे, त्यांनी तांदळात हवे ते नाव काढावे, मात्र तिकीट तिला स्वतःलाच काढू द्यावे.

आपला नम्र,
एक निवृत्त पोस्टमास्तर, सांगली