सीडीतली गाणी प्लेअरमध्ये का वाजत नाहीत?

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, तुम्ही सीडीवरची सगळी गाणी कॉम्प्युटरवर कॉपी केलीत, तिथून प्लेअरमध्ये टाकलीत, तरी प्लेअर मुकाच. बिचाऱ्याचा काही दोष नाही. त्या फाइलींच्या नावाच्या शेवटी ‘सीडीए’ आहे ना? एकीवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. आकार दिसेल फक्त ४४ बाइट. सीडीवरच्या एका सेकंदाच्या आवाजालाच पावणेदोन लाखांवर बाइट लागतात, मग ४४ मध्ये गाणं कुठून मावणार? गाणं सीडीवर कुठून सुरू होतं आणि किती चालतं, एवढीच नोंद त्या फाइलीत असते. सीडी आत होती तोवर कॉम्प्युटरवर वाजलं, म्हणून काम झालंसं वाटलं.

सीडी ओढून-सोडून कॉपी होत नाही, ती ‘रिप’ करावी लागते, म्हणजे तिच्यावरचा आवाज वाचून त्याची खरी फाइल बनवावी लागते. विंडोजच्या मीडिया प्लेअरमध्येच ती सोय आहे. आधी रिप सेटिंग्जमध्ये जाऊन फॉरमॅट, म्हणजे फाइलीत आवाज साठवायची पद्धत, निवडायची. तिथे ‘फ्लॅक’ निवडा.

फ्लॅकच का, ते सांगते. सीडीवरचा आवाज जसाच्या तसा ठेवला तर पाच मिनिटांचं गाणं सुमारे ५० एमबीचं होतं. त्याला वेव्ह म्हणतात. फ्लॅक २००१ मध्ये आला. तो तेच गाणं साधारण अर्ध्या-पाऊण जागेत बसवतो आणि आवाजातला एक कणही टाकत नाही. उघडलं की मूळ आवाज पुरता परत. एमपी३ तसा नाही. मोठ्या आवाजाच्या आड दबलेला बारीक आवाज आपल्या कानाला तसाही ऐकू येत नाही, हे हेरून तो तेवढा भाग काढूनच टाकतो. म्हणून तेच गाणं १२८ च्या बिटरेटला पाच एमबीच्या आत बसतं. बिटरेट म्हणजे एका सेकंदाच्या आवाजाला दिलेले किलोबिट. आकडा लहान तेवढी काटछाट जास्त, आणि ती आधी झांजेसारख्या झणझणीत आवाजात कळते.

आई, तू विचारलंस की जुनी एमपी३ गाणी फ्लॅकमध्ये बदलली तर आवाज सुधारेल का. नाही सुधारणार. एमपी३ करताना एकदा गाळून टाकलेला आवाज परत येत नाही. फाइल मात्र फुगेल, आणि नाव बघून वाटेल की मूळ प्रत आहे. हा फसवा प्रकार मला सगळ्यांत नको वाटतो. एमपी३ चा पुन्हा एमपी३ करणंही टाळा, दर वेळी थोडं आणखी गळतं.

म्हणून फ्लॅक कॉम्प्युटरवर मूळ प्रत म्हणून ठेवायची आणि तिच्यावरून प्लेअरसाठी ३२० बिटरेटचे एमपी३ काढायचे. पाच मिनिटांचं गाणं १२ एमबीचं होईल, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डात अडीच हजारांच्या आसपास गाणी. आई, चालताना इअरफोनवर ऐकायचं असेल तर २५६ लाही तुला फरक कळेल असं मला वाटत नाही. मला तरी कळत नाही. प्लेअर फ्लॅक वाजवत असला तरी चालताना त्याचा काय उपयोग, फक्त जागा खाणार.

‘एम४ए’ लिहिलेल्या फाइलींत बहुतेक वेळा एएसी असतो. तो एमपी३ नंतर आला आणि कमी बिटरेटला त्याच्यापेक्षा बरा वाजतो. पण सगळे साधे प्लेअर तो ओळखत नाहीत. एमपी३ जवळपास कुठेही वाजतो, म्हणून तोच बरा. नाव बदलून मात्र काही होत नाही बरं का बाबा. शेवटचं ‘एम४ए’ खोडून ‘एमपी३’ लिहिलं तरी आतला माल तोच.

रिप करताना इंटरनेट चालू ठेवा, म्हणजे गाण्यांची नावं आपोआप येऊ शकतील. नाहीतर सगळ्याच सीडींची ‘ट्रॅक ०१’, ‘ट्रॅक ०२’ होतात आणि नंतर शोधताना जीव जातो.

राहिलं तुमच्या कॉम्प्युटरवरचं गाण्यांचं जुनं फोल्डर. त्यातल्या फाइली डब्ल्यूएमए आहेत, कारण जुना मीडिया प्लेअर सीडी रिप करताना आपसूक तोच फॉरमॅट घ्यायचा. ज्यांच्या सीडी अजून कपाटात आहेत त्या फ्लॅकमध्ये नव्याने रिप करा. ज्यांच्या सीडी हरवल्या त्या फाइली आहेत तशाच राहू द्या, पुसू नका. त्यांची यादी मला पाठवा. त्यांतल्या काहींवर कॉपीचं कुलूप असू शकतं, ते मी आधी बघते, मगच त्यांना हात लावू.

तुमची,
लेक