नवं विमान आधी आमच्याकडे आणा, पडून असलेलं सामान आम्हाला द्या

सप्रेम नमस्कार.

परीक्षा संपल्या की घराघरांत रिमोटची विमानं येतात. व्हिडिओ बघून जोडलीही जातात. मग पहिल्याच उड्डाणात नाक जमिनीत रुततं, काही हजार रुपये मातीत जातात आणि मुलाचा छंद तिथेच संपतो. आम्हाला याचं फार वाईट वाटतं, कारण हे टाळता येतं. नाशिकमध्ये आमचा हौशी एरोमॉडेलिंग क्लब आहे, हेच पुष्कळांना ठाऊक नसतं.

दर रविवारी सकाळी, वारा सुटायच्या आत, आम्ही शहराबाहेरच्या माळावर असतो. नवं विमान आणलंत की आधी त्याचा तोल बघतो. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश अंतरावर खालून बोटं टेकवली, तर विमान आडवं राहायला हवं. शेपटीकडे कललं तर हवेत ते आवरणं कठीण. बहुतेक वेळा बॅटरी थोडी पुढे सरकवली की भागतं. दुसरी अडचण दिशेची. विमान आपल्याकडे तोंड करून येऊ लागलं की डावं-उजवं उलटं होतं, आणि नवशिका तिथेच गडबडतो. म्हणून शिकणाऱ्याचा आणि शिकवणाऱ्याचा रिमोट जोडून ठेवतो; विमान बिनसलं की शिकवणारा एका बटणावर ताबा घेतो. घरी एकट्याने शिकताना ही सोय कुठून मिळणार?

नियमांचीही मदत होते. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे हिरव्या क्षेत्रात, म्हणजे जिथे आधी परवानगी लागत नाही तिथे, ४०० फुटांपर्यंत उडवता येतं, पण विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच. ओझर आणि देवळालीचे विमानतळ शेजारी असताना ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरचा क्षेत्रांचा नकाशा पाहिल्याशिवाय उडवूच नये. तो कसा वाचायचा, हे आम्ही दाखवतो.

शाळकरी मुलामुलींकडून आम्ही काही घेत नाही. खर्च सभासद वाटून घेतात, पण आता तो झेपेनासा झाला आहे. सर्वांत जास्त पैसे बॅटऱ्यांवर जातात. लिथियम पॉलिमर बॅटरी फुगली की ती बाद करावीच लागते. मुलं आसपास असताना तिथे काटकसर करायची नाही, हे आमचं ठरलेलं आहे. शिकाऊ विमानांसाठी बॅटऱ्या, एक चांगला चार्जर आणि बॅटऱ्या ठेवायला आगीला दाद न देणारी पेटी, एवढं तातडीने हवं आहे. रोख देणगीची पावती मिळेल आणि हिशेबाची वही कोणीही येऊन पाहावी.

पैशांइतकीच गरज माणसांची आहे. ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यात मिग आणि सुखोई बांधलेली कितीतरी माणसं निवृत्त होऊन आपल्याच शहरात राहतात. पंखाला पीळ पडलाय का, हे नुसत्या नजरेने सांगणारा माणूस महिन्यातून एक रविवार आला, तरी पोरांचं सोनं होईल. काका, मावशी, खरंच या.

माळ्यावर पडलेले सर्व्हो (पंख-शेपटीच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटारी), पंख्याच्या मोटारी, बाल्साच्या हलक्या लाकडाच्या पट्ट्या, मोडका पंखसुद्धा चालेल. दुरुस्ती शिकवायला मोडकंच बरं पडतं. पावसाळ्यात माळावर चिखल असतो, तेव्हा जोडणीच्या वर्गासाठी एखाद्या शाळेने रविवारी एक खोली दिली तर मोठाच आधार होईल. फुगलेल्या बॅटऱ्या मात्र कृपया सामानात घालू नका.

आपले,
क्लबचे सर्व सभासद