लेमन बामच्या तेलाबद्दल खरे तेवढेच छापा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत सुगंधोपचारावर आलेला लेख वाचला. लेमन बाम या लिंबाच्या वासाच्या वनस्पतीच्या तेलाने ‘स्मृतिभ्रंश आटोक्यात येतो’, असे त्यात एका ओळीत म्हटले आहे. मी ३१ वर्षे परिचारिका होते, निवृत्तीनंतर सहा वर्षे घरी सासूबाईंना सांभाळले. त्या ओळीवर विसंबून कुणी बाटली आणायला धावेल, म्हणून लिहिते आहे.

सासूबाईंना स्मृतिभ्रंश होता. संध्याकाळ झाली की त्यांची घालमेल सुरू व्हायची. दाराची कडी हलवत “मला घरी सोडा” म्हणायच्या, आणि असायच्या घरातच. मीही असेच कुठेतरी वाचून तेल आणले आणि काहीही न मिसळता त्यांच्या मनगटांवर चोळले. सकाळी दोन्ही मनगटांवर लाल पुरळ. जन्मभर दुसऱ्यांना औषधे मोजून देणाऱ्या माझ्या हातून हे घडले, याचे अजून वाईट वाटते. भिंग घेऊन बाटलीवरची बारीक अक्षरे वाचली, तर आत होते गवती चहाचे तेल.

दोन्ही तेलांना लिंबाचा वास येतो तो सिट्रल या सुगंधी घटकामुळे. गवती चहाच्या तेलात ते साधारण ७० ते ८० टक्के असते आणि ते तेल मुबलक निघते. लेमन बाम पुदिन्याच्या कुळातला. त्याच्या शंभर किलो ताज्या पाल्यातून हाती येते ते ग्रॅममध्ये मोजावे इतके थोडे. म्हणून अस्सल तेल महाग, आणि म्हणूनच भेसळ. लेबलवर ‘मेलिसा ऑफिसिनॅलिस’ हे वनस्पतीचे पूर्ण नाव नसेल तर ती बाटली घेऊ नये. अर्थात सिट्रल अस्सल तेलातही असते, तेव्हा पुरळ त्यानेही उठू शकते.

आता ‘आटोक्यात येण्या’बद्दल. ब्रिटनमध्ये २००२ साली तीव्र स्मृतिभ्रंशाच्या ७२ रुग्णांच्या हाता-चेहऱ्याला लेमन बामचे किंवा सूर्यफुलाचे तेल घातलेला लेप चार आठवडे लावला. लेमन बामच्या गटात अस्वस्थता ३५ टक्के घटली, दुसऱ्या गटात ११ टक्के. आपल्या पुरवणीतल्या लेखाचे लेखक एवढ्यावर थांबतात. पण २०११ साली ११४ रुग्णांवरची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. तीत लेमन बाम, डोनेपेझिल हे स्मृतिभ्रंशावरचे औषध आणि नुसता लेप यांत फरक दिसला नाही. सुधारणा मात्र तिन्ही गटांत झाली. आजार बरा झाल्याचे दोन्हींत कुठेच नाही. आणि अल्झायमरमध्ये वासाची जाण बहुधा आधीच मंदावलेली असते, हेही विसरू नये.

मला यातून काय वाटते ते सांगते. तिन्ही गटांतल्या माणसांचे हात रोज कुणीतरी हातात घेत होते. सासूबाईंच्या बाबतीत मी तेच पाहिले. नंतर मी खात्रीचे तेल आणले. १० मिली बदाम तेलात एकच थेंब. आधी कोपराच्या आत लावून एक दिवस वाट पाहिली. मग रोज पाच वाजता, घालमेल सुरू होण्याआधी, एकेक बोट सावकाश चोळायचे. दहा-बारा मिनिटांत त्यांचा श्वास संथ व्हायचा. एकदा तेल संपले तेव्हा आठवडाभर नुसते बदाम तेल वापरले. हात पुढे करायच्या त्या तशाच.

आणखी एक चूक त्या लेखात आहे. लेमन बामच्या पानांच्या काढ्याचे गुण तेलाला चिकटवले आहेत. काढ्यात उतरणारे रोझमॅरिनिक आम्ल वाफेबरोबर जात नाही, त्यामुळे ऊर्ध्वपातन केलेल्या, म्हणजे वाफेने काढलेल्या तेलात ते नसतेच. ‘दोन थेंब पाण्यात घालून प्या’ हा सल्ला तर कृपया मागे घ्यावा. पुढच्या वेळी वनस्पतीचे पूर्ण नाव, थेंबांचे प्रमाण आणि बाटली उघडल्याची तारीख लिहून ठेवण्याची सूचना चौकटीत द्यावी. हवा लागून जुने झालेले तेल त्वचेला आणखी झोंबते.

आपली,
एक निवृत्त परिचारिका