वहिनी, पाडव्याच्या संध्याकाळबद्दल

ती. वहिनीस,
शि. सा. नमस्कार.

हे घरी येऊन सांगण्यासारखं होतं. तरी चारचौघांत लिहितोय, कारण तुम्ही जे केलंत ते आणखी चार घरांत व्हायला हवं.

दसऱ्याला गुटख्याची पुडी सोडली आणि समोर दिवाळी. दुकानात वर्षाचा हिशेब, अडकलेली उधारी, कारागिरांचा बोनस. घरी पाहुणे, आणि प्रत्येक चहानंतर कोणी ना कोणी पुडी पुढे करणार. मध्य प्रदेशात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे म्हणे! आपल्या इंदुरात कुठल्याही गुमटीवर पान मसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी शेजारीशेजारी लटकतात. मिसळायचं तेवढं गिऱ्हाइकानं.

सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत पताशा, म्हणजे पाणीपुरी, अख्खा तोंडात जाईना, तेव्हा दवाखाना गाठला होता. तिथल्या डॉक्टरांनी तोंडात तीन बोटं जातात का ते बघितलं, "सुपारीनं आतून आखडलंय, मन घट्ट करा" म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. तलफ आली की त्या घटकेला करायचं काय, हे विचारेपर्यंत मी दाराबाहेर. आणि घरचे? "वर्षाचा सण आहे, एकानं काय होतंय?" असं म्हणणारे माझे सख्खे होते. तो राग अजून गेलेला नाही.

पाडव्याला तुमच्याकडे रामबागेत फराळ झाला, पत्ते मांडले, पुड्या फिरायला लागल्या. तळहाताला घाम सुटला होता, हातातल्या चकलीचा नुसता चुरा करत बसलो होतो. कोणाचं लक्ष नव्हतं. तुम्ही पदराला हात पुसत बाहेर आलात आणि म्हणालात, "भाऊजी, गच्चीवरच्या पणत्यांत तेल घालायचंय, जरा चला."

वर जाऊन बघतो तर सगळ्या पणत्या काठोकाठ भरलेल्या.

तुम्ही त्यावर अवाक्षर काढलं नाहीत. हातावर भाजलेली बडीशेप आणि जवस ठेवलंत, "सावकाश चावा" म्हणालात आणि गराडूचा कंद दोनदा का तळायचा, वर भुरभुरायचा जीरावन मसाला घरचाच का हवा, हे सांगत राहिलात. तलफेची लाट पाच-दहा मिनिटांत ओसरते, हे मला नंतर कळलं. तुम्ही ते माहेरी, वडिलांच्या वेळी पाहिलं होतंत. सगळ्यांसमोर "यांना देऊ नका हं" म्हणाला असतात, तर इरेला पेटून मी खाल्ली असती. तुम्ही माझा मान राखलात. सल्ला देणारे गल्लोगल्ली आहेत हो. समोरच्याला ओशाळं न करता त्याच्याजवळ उभं राहणारी माणसं आहेत, म्हणून आमच्यासारख्यांचं निभतं.

खाली उतरताना म्हणालात, "पुडीनं टेन्शन जात नाही भाऊजी. आधीच्या पुडीचा अंमल उतरला की जीव कासावीस होतो, तेवढाच शमतो." तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत नंबर आहे. तिथे फोन केला, तर तिथल्या बाईंनीही हेच समजावलं. दुकानात उधारीवरून वाजलं की आता ते वाक्य आठवतो आणि बडीशेपेची डबी उघडतो.

तुळशीच्या लग्नाला हिला घेऊन येतोय. गराडू तुम्ही तळा, लिंबं मी आणतो. दादांना तेवढं सांगून ठेवा, पत्ते खुशाल मांडा, पण मला पुडी विचारू नका.

तुमचा,
भाऊजी