चिनी भाषा हवी, बीजिंगची शिकवणी नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

भाषाप्रसारातून चीनने जगभर ‘सॉफ्ट पॉवर’, म्हणजे धाकाऐवजी आपुलकीतून येणारा प्रभाव, कमावली, असा सूर असलेला लेख आपल्या अंकात वाचला. चीनने त्यासाठी पैसा ओतला हे खरेच. पण हाती काय लागले, हा हिशेब लेखात राहून गेला.

परदेशांत चिनी शिकवण्यासाठी चीनने काढलेल्या कन्फ्यूशियस इन्स्टिट्यूटची सुरुवात २००४ मध्ये सोल येथे झाली आणि पंधरा वर्षांत शाखा पाचशेवर गेल्या. जर्मन शिकवणारे, आपल्या ओळखीचे मॅक्सम्युलर भवन स्वतंत्र चालते. पटले तर जा, नाही तर जाऊ नका. कन्फ्यूशियसचे बिऱ्हाड मात्र थेट यजमान विद्यापीठाच्या आवारात. शिक्षक, पुस्तके आणि सुरुवातीचा पैसा चीनकडून. भाषा विभागाला पैसे कुठून आणायचे या विवंचनेत असलेल्या कुलगुरूंना नाही म्हणणे जड जाते. पुढे वर्गात तैवान किंवा तिबेटचा विषय निघाला की तो टाळला जातो, अशा तक्रारी अनेक देशांतून आल्या.

यातला ब्रागाचा प्रसंग मुळातून सांगण्यासारखा आहे. २०१४ मध्ये पोर्तुगालमधील या गावी युरोपातल्या चीन-अभ्यासकांची परिषद भरली होती. या संस्थांचा कारभार पाहणाऱ्या ‘हानबान’च्या प्रमुख शू लिन यांना कार्यक्रमपुस्तिकेत तैवानच्या एका प्रतिष्ठानाचा उल्लेख खटकला आणि त्यांनी ती पानेच फाडायला लावली. जमलेल्या विद्वानांच्या हातात फाटक्या पुस्तिका पडल्या. परिषद भरवणाऱ्या संघटनेच्या अध्यक्षांनीही मग गायब झालेल्या पानांच्या ५०० प्रती छापून वाटल्या. ज्यांनी उभे आयुष्य चिनी भाषा-साहित्यात घालवले, त्यांनाच दुखवून कोणती मैत्री जोडली? त्याच वर्षी अमेरिकेतल्या शिकागो आणि पेन स्टेट या विद्यापीठांनी कन्फ्यूशियसशी असलेला करार संपवला. २०१८ च्या कायद्याने अमेरिकी संरक्षण खात्याचा चिनी भाषेसाठीचा निधी अशी संस्था असलेल्या विद्यापीठांना मिळेना, तेव्हा उरलेल्यांनीही काढता पाय घेतला. शंभराच्या आसपास असलेल्या तिथल्या संस्था आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. २०२० मध्ये ‘हानबान’चे नाव बदलले, एवढेच.

याच काळात, २०१६ ते २०२१ दरम्यान, अमेरिकी महाविद्यालयांत चिनी शिकणारे सुमारे १४ टक्क्यांनी घटले आणि कोरियन शिकणारे सुमारे ३८ टक्क्यांनी वाढले. कोरियाचे सरकारही भाषेवर खर्च करते, पण मुले येतात ती गाण्यांच्या आणि मालिकांच्या ओढीने. तिथे कोणी पाने फाडत नाही.

आफ्रिकेत चित्र वेगळे आहे, हे मान्य. नैरोबी विद्यापीठात २००५ पासून ही संस्था आहे. मोंबासा-नैरोबी रेल्वे चिनी कंपनीने बांधली, त्यामुळे चिनी भाषा येणाऱ्या तरुणाला नोकरीची आशा वाटते. त्याला मी सॉफ्ट पॉवर म्हणणार नाही. तो रोकडा व्यवहार आहे आणि त्यात गैर काही नाही.

आपल्याकडे मात्र सापाऐवजी भुई धोपटणे चालले आहे. मुंबई विद्यापीठातही २०१३ मध्ये त्यांची संस्था आली होती. गलवानच्या चकमकीनंतर, ऑगस्ट २०२० मध्ये केंद्राने अशा संस्थांचा फेरआढावा घ्यायला घेतला, ते योग्यच झाले. पण त्याआधी जुलैमध्ये आलेल्या शैक्षणिक धोरणातल्या परकीय भाषांच्या यादीतून चिनीच गळली. २०१९ च्या मसुद्यात ती होती. थाई आहे, पोर्तुगीज आहे, फक्त शेजाऱ्याची भाषा नाही! फर्ग्युसनमध्ये शिकवलेल्या पु. वि. बापटांनी चिनीतल्या बौद्ध विनयग्रंथाचा (भिक्षूंच्या नियमांवरील ग्रंथाचा) इंग्रजी अनुवाद एका जपानी विद्वानाच्या सहकार्याने केला आणि भांडारकर संस्थेने तो १९७० मध्ये छापला. १९६२ च्या जखमा तेव्हा आजच्यापेक्षा ओल्या होत्या, तरी कोणाला त्यात देशद्रोह दिसला नाही.

आज औषधांच्या कच्च्या मालापासून सीमेवरच्या वाटाघाटींपर्यंत चिनी नीट वाचता-बोलता येणारी माणसे आपल्याला हवी आहेत. शिक्षक आपले, अभ्यासक्रम आपला, पगारही आपला, अशा अटीवर केंद्राने चिनी पुन्हा यादीत घ्यावी आणि मुंबई-पुण्याच्या विद्यापीठांनी त्यासाठी कायमस्वरूपी पदे मागावीत. कंत्राटी तासिकांवर हे काम होणार नाही.

आपला,
एक वाचक, पुणे